देवीनं पाय दिलान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझा पाय देवीनं बरा केला नव्हता. ज्या शिमग्यात आमच्या वाडीनं तो बरा झालेला पाहिला, त्याच्या कितीतरी आधी तो बरा होता, आणि हे ठाऊक असलेला माणूस अख्ख्या गावात एकच होता. तो मी.

आता पुन्हा तोच मोसम आलाय. काजूची बोंडं झाडाखाली पडून आंबायला लागली आहेत, त्यांचा तो गोड आणि थोडा नकोसा वास अंगणापर्यंत येतो. दुपारी कातळावरून येणारी हवा तोंडावर भाजते, आणि चार वाजले की खाडीकडून वारा सुटतो तेव्हा कुठे माणूस माणसासारखा बोलतो. सकाळच्या एस.टी.ला बारावीची मुलं पॅड छातीशी धरून उभी असतात. यंदा त्यांत आमची लेक प्राचीही आहे. संध्याकाळी सहाणेवर, शिमग्यात पालखी बसते त्या ओट्यावर, ढोल तापवून वाजवून बघतात. परीक्षा आणि शिमगा आमच्याकडे एकमेकांच्या पायात पाय घालूनच येतात. लोकांची तक्रार एवढीच, की ढोलापुढे पोरांचा अभ्यास होत नाही. मला मात्र पहिला ठोका ऐकला की कुठेतरी निघून जावंसं वाटतं.

प्राची नववीत होती त्या वर्षीची गोष्ट. थंडी अजून होती, मोहर भरात होता. सोसायटीतली कारकुनी सांभाळून मी घरची थोडी आंब्याची कलमं करतो, त्यांच्यावर फवारणी करून परत येत होतो. वाटेत आमचा गडगा आहे, जांभ्या दगडांचं नुसतं रचलेलं कुंपण. कळायला लागल्यापासून त्याच्यावर चढतोय नि उतरतोय. त्या दिवशी वरचा दगड हलला. पाय आत दुमडला आणि सुकी फाटी मोडावी तसा आवाज झाला. तो आवाज आपल्याच अंगातून आला हे कळायलासुद्धा मला थोडा वेळ लागला. रत्नागिरीला नेलं, फोटो काढला, घोट्याचं हाड तडकलेलं. गुडघ्याच्या खालपर्यंत प्लॅस्टर घालून मला पडवीतल्या खाटेवर आणून ठेवलं. ठेवलं म्हणतो, कारण पुढचे दिवस मी ठेवलेलाच होतो.

आमच्या पडवीला लागून पाखाडी जाते. त्या पायऱ्यांवरून वर-खाली करणारा एकही माणूस सरळ गेला नाही.

"काय रे, पडलास कसा?"

"गडग्यावरनं."

"मंग बघून नाय उतरायचं?"

यावर काय बोलायचं? पुढच्यानं विचारलं की पुन्हा गडगा, पुन्हा बघून उतरायचं. शेजारचा माझा चुलत भाऊ बाळादादा तर रोज सकाळी दात घासत येऊन उभा राहायचा. "काय गणपती, आज दर्शन कधी?" म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. मला उठून त्याच्या हातातला तांब्या भिरकावून द्यावासा वाटे. उठताच येत नव्हतं, म्हणून तांब्या वाचला.

खाज ही काय चीज आहे ते प्लॅस्टरवाल्यालाच विचारा. प्राचीनं माडाच्या झापाची हीर, पातीतली ती लांब काडी, सोलून गुळगुळीत करून दिली होती, ती आत घालून खाजवायचं. जिथे खाज सुटायची तिथे हीर कधीच पोचायची नाही, दोन बोटं अलीकडेच राहायची. आंघोळीला पायावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून स्टुलावर बसायचं आणि माझी बायको सुलभा पाणी ओतायची. "हात वर करा. आता दुसरा." मी सोसायटीतला जाब विचारणारा माणूस, आणि इथे साबण डोळ्यांत जातो म्हणून ओरडत होतो. आईनं आंबट बंद केलं होतं. "आंबटानं सूज उतरत नाय," हे तिचं म्हणणं, त्याला डॉक्टरचा आधार नव्हता पण घरात तिचंच चालायचं. कोकमाचं सोल न घातलेलं बांगड्याचं कालवण एकदा खाऊन बघा, म्हणजे मी चिडचिडा का झालो होतो ते कळेल. चहात साखर कमी म्हणून ओरडायचो, जास्त म्हणूनही ओरडायचो. पंख्याला आवाज येतो म्हणून, आणि लाइट गेले की पंखा बंद म्हणून.

हे सगळं चाललं असताना घरात एक दुसरीच गोष्ट चालली होती. सुलभा वाडीतल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरांना घरोघरून आणायचं, खिचडी रांधायची, झाडलोट करायची. तिथल्या सेविकाबाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी जायचं तर बारावी हवी. सुलभाची शाळा दहावीवर थांबलेली, लग्न ठरलं म्हणून, म्हणजे एका अर्थी माझ्यामुळेच. तिनं बाहेरून बारावीला बसायचं ठरवलं, सतरा नंबरचा फॉर्म भरला. मला विचारलंन तेव्हा मी म्हटलं होतं, भर की. तेव्हा माझे दोन्ही पाय धड होते.

मी खाटेवर पडलो आणि तिच्या दिवसाचा उरलासुरला वेळही माझ्याकडे यायला लागला. तरी ती थांबली नाही. संध्याकाळी ती विळीवर नारळ खवायची आणि प्राची तिला प्रश्न विचारायची. स्वयंपाकघर आणि पडवी यांच्यामध्ये एकच भिंत, मला शब्दन्‌शब्द ऐकू यायचा.

"समाजशास्त्र. कुटुंबाची कार्ये सांग."

"संगोपन. आर्थिक संरक्षण. मग ते… संस्कार."

"आई, भावनिक आधार राहिला."

"तो काय, देत्येय की पडवीत!"

दोघी खळखळून हसल्या. माझी आईपण हसली असावी, कारण तिचा खोकला ऐकू आला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. दिवसभर माझं सगळं करून सुलभा एक विनोद करत होती. पण मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलो होतो आणि मला ते लागलं. किती लागलं ते त्या दिवशी मलाही कळलं नाही.

आणखी एक गोष्ट लागत होती. माझ्यावाचून काही अडत नव्हतं. पुढच्या फवारण्या बाळादादानं केल्या, आणि चांगल्या केल्या. लाइटबिल प्राचीनं भरलं. सोसायटीत माझ्या जागी बसवलेल्या माणसाबद्दल एकाचीही तक्रार आली नाही. वर्षानुवर्षं आपण ज्याला 'माझ्या डोक्यावर आहे' म्हणतो, ते सगळं माझ्या डोक्यावरून उतरवून लोकांनी सहज वाटून घेतलं होतं. मला वाटायचं, अडावं. कुठेतरी, थोडंसं अडावं.

प्लॅस्टर कापलं तेव्हा आतून निघालेला पाय माझा वाटेना. बारीक, पांढुरका, सालपटं निघालेला. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता टेकवा, घाबरू नका. घरच्यांनी मात्र घाबरायचंच ठरवलं होतं. मी उठलो की तीन दिशांनी "बसा, बसा". म्हणून मी दुपारी चालायला लागलो. सुलभा अंगणवाडीत, प्राची शाळेत, आई आडवी झालेली. आधी भिंत धरून मागच्या दारापर्यंत. मग भिंत न धरता. मग पायऱ्या उतरून माडाखाली. तापलेली जमीन तळव्याला लागली तेव्हा मी एकटाच हसलो होतो. पुढे पुढे मी विहिरीपर्यंत जाऊन यायचो, काठी खाटेलाच टेकवलेली. हे कुणाला सांगितलं नाही यात तेव्हा तरी पाप नव्हतं. सुलभाचे पेपर चालू होते. मनात होतं, शेवटच्या पेपरच्या दिवशी आपण चालत स्टॉपवर जायचं आणि ती एस.टी.तून उतरेल तेव्हा समोर उभं राहायचं. काठी न घेता. तिचं तोंड कसं होईल ते मी शंभर वेळा पाहून ठेवलं होतं.

पण त्याच दिवशी आमच्या घरी पालखी यायची ठरली. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते. शेजारच्या अंगणातून घरधनी ती आपल्या खांद्यावर घेऊन स्वतःच्या अंगणात आणतो, घरची सवाष्ण ओटी भरते, गाऱ्हाणं होतं. वर्षातून एकदा देवी आपल्या उंबऱ्याशी येते, त्यासाठी मुंबईचे चाकरमानी रजा टाकून येतात. आईची कुरकुर सुरूच होती. "देवी काय रोज येते दारात? पेपर काय, पुढच्या वर्षीपण येतो."

सुलभानं दोन्ही जमवलं होतं. ती अशीच आहे. सकाळी ती पेपरसाठी ठेवलेली निळी साडी नेसली, केसांत सुरंगीचा गजरा माळला आणि दाराशी उभी राहून प्राचीला सांगायला लागली.

"पालखी बाळादादा घेतील. ओटी शेजारच्या वैनी भरतील, ताट तयार आहे. बाबांना अंगणात खुर्चीवर बसवायचं, उठू द्यायचं नाही. हार तेवढा त्यांच्या हातून घाल." मग माझ्याकडे वळून, हसून म्हणाली, "तुम्ही नुसते बसा. तुमचं काही अडत नाही."

तिला म्हणायचं होतं, काळजी करू नका. मला ऐकू आलं ते वेगळं. माझ्या अंगणात माझ्या घरची पालखी दुसरा आणणार, माझ्या बायकोच्या जागी दुसरी ओटी भरणार, आणि मी खुर्चीत. आणि ती, दहावीनंतर शिकायला न मिळालेली अशीच मला ठाऊक असलेली बाई, पॅड घेऊन, गजरा माळून निघालेली. तिच्यावर त्या दिवशी सकाळचं ऊन पडलं होतं. ती तरुण दिसत होती. मला याचा राग आला. दुसरं काही कारण मी आता बनवणार नाही.

मी म्हटलं, "पाय फार ठणकतोय."

ती थांबली. "आत्ता?"

"रात्रीपासून. सांगितलं नाही. टेकवतच नाहीये. पालखीपुढे पडलो-बिडलो तर काय करायचं, तू नसशील तर."

तिनं एकदाच विचारलं, "खूप दुखतंय?"

मी हो म्हटलं.

वळणावर एस.टी.चा हॉर्न वाजला. प्राची म्हणाली, "आई, मी आहे ना, जा तू." सुलभा तिथेच उभी होती. तिनं माझ्या पायाकडे पाहिलं, मग आईकडे, मग पाखाडीकडे. गाडी थांबल्याचा आवाज आला, सुटल्याचा आला. मग ती आत गेली आणि पॅड फडताळावर ठेवून आली. समाजशास्त्राचा पेपर होता. सगळ्यांत सोपा, तिला सगळ्यांत आवडणारा. बाकीचे सगळे देऊन झाले होते.

त्या वेळीसुद्धा सांगता आलं असतं. बाळादादाकडे मोटरसायकल होती, पेपर सुरू व्हायला अवकाश होता. मी पाणी मागितलं. तिनं आणून दिलं.

ऊन चढलं तेव्हा बाळादादाच्या अंगणातला ढोल आमच्याकडे सरकला. मला खुर्चीवर अंगणाच्या कडेला, पायरीशी बसवलं होतं. पुढच्या दांडीला बाळादादा, मागे चाकरमानी पोरं, गुलाल, शिट्ट्या. गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्यांनी आधीच आवाज लावला. "आई, ह्या तुझ्या लेकराचा पाय मोडलाय, त्याला पुन्हा तुझ्यासमोर नाचता कर!" आणि सगळ्यांनी, "होय म्हाराजा!" मी मान खाली घातली. लोकांना ती भक्ती वाटली असेल.

मग बाळादादा पायरी उतरताना तोल जाऊन गुडघ्यावर आला. दांडी कलली, देवीची चांदीची रूपं कलली, बायका ओरडल्या. मी विचार केला नाही. उठलो, दोन ढांगांत पायरी गाठली आणि दांडीखाली खांदा दिला. पालखीचं सगळं पुढचं वजन माझ्या त्याच पायावर आलं आणि पाय हलला नाही.

एक क्षण ढोलसुद्धा थांबला. बाळादादा खालूनच माझ्या पायाकडे बघत होता. मग तो ओरडला, "देवीनं पाय दिलान! अरे बघतायत काय, देवीनं पाय दिलान!"

पुढचं विचारू नका. ढोल असा फुटला की कान बंद झाले. आई रडत जमिनीला डोकं टेकवत होती. कुणीतरी माझ्या घोट्याला गुलाल लावला. पोरं म्हणाली, नाचवा काका, आणि मी नाचवली. यातलं सगळ्यांत वाईट हेच आहे, की मी चांगला नाचलो. खोटं बोललेला माणूस तसा नाचायला नको. सुलभा ओटीचं ताट घेऊन पुढे आली, त्याच निळ्या साडीत. तिनं देवीची ओटी भरली आणि मग माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. इतक्या आनंदानं तिनं माझ्याकडे आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

दुपारी जेवताना ती म्हणाली, "आता पेपर सुटला असेल." घास तसाच हातात होता तिच्या. मग म्हणाली, "जाऊ दे. मी गेले असते, तर तुम्ही उठला असतात का? मी थांबले म्हणून तिनं पाय दिलान."

मी जेवत राहिलो.

जुलैत तो एक पेपर पुन्हा देता येतो. पण मे महिन्यातच सेविकेची जागा भरली. खालच्या वाडीत लग्न होऊन आलेली मुलगी, बारावी झालेली, गुणी. ती सुलभाला काकी म्हणते, मानानं वागवते. जुलैत लावणी होती आणि सुलभा म्हणाली, "आता कशाला?" ती अजून पोरांना घरोघरून आणते, खिचडी रांधते. गावात मात्र माझ्या पायाची ख्याती झाली. परक्या वाडीची माणसं माझा घोटा बघायला यायची. एकानं तर हात लावून कपाळाला लावला. मला ते सहन होत नाही, आणि मी ते सहन करत आलोय.

नंतर कळलं, की मी खाटेवर होतो तेव्हा सुलभानं नवस केला होता. पाय बरा झाला तर दर शिमग्याला ओटीबरोबर पायाचा म्हणून एक वेगळा नारळ. ती तो फेडते. चांगला, पाणी वाजणारा नारळ आधीपासून निवडून ठेवते. गेल्या शिमग्याच्या आधी एका संध्याकाळी मी धीर केला. ती एकटीच होती, तांदूळ निवडत बसलेली.

"सुलभा, त्या वर्षी तो पाय…"

"दुखतोय का?" ती उठलीच. "सांगायचं नाही का? तुमचं हे असं, अंगावर काढायचं."

पाच मिनिटांत तिनं निर्गुडीचा पाला घालून पाणी गरम केलं, माझा धडधाकट पाय मांडीवर घेतला आणि शेकायला लागली. मी शेकू दिला. वाफ तोंडावर येत होती. मी म्हटलं, बरं वाटतंय.

यंदा प्राचीची बारावी. तिनंही समाजशास्त्र घेतलंय. आता सुलभा विचारते आणि प्राची सांगते. प्राची अडखळली की सुलभा थोडा वेळ थांबते आणि मग उत्तर स्वतःच सांगून टाकते, पुस्तक न बघता. मधली भिंत तीच आहे आणि मी अजून तिच्या अलीकडे बसून ऐकतो. परवा प्राची म्हणाली, "आई, तुला सगळं येतंय, तू बस ना परत." सुलभा म्हणाली, "माझं झालं गो. माझा पेपर देवीनं घेतलान."

देवीनं नाही घेतला. तो मी घेतला, आणि देवीच्या नावावर ढकलला. त्या देवीचंसुद्धा मी काही देणं लागत असेन, पण ती गोष्ट तिची नि माझी. सुलभाची वेगळी आहे.

हे लिहिताना एक पळवाट दिसली होती. लेख छापून येईल, ती वाचेल, तिला कळेल, मला तोंडानं बोलावं लागणार नाही. पण मग तेही तसंच होईल, मी खुर्चीत बसलेला आणि माझं काम दुसऱ्यानं केलेलं. त्यामुळे हे छापायला देण्याआधी मला तिच्यासमोर बसायचं आहे. यंदाची पालखी यायच्या आत, तिनं नारळ हातात घ्यायच्या आत, मला तिला सांगायचं आहे की त्या सकाळी माझा पाय दुखत नव्हता. मग ती जे बोलेल ते, आणि बोललीच नाही तर तेही, मला ऐकायचं आहे. आणि जुलैच्या परीक्षेला तिला बसायचं असेल तर लावणी मी करायची आहे, पूर्ण, तिला एकदाही शेतात न बोलावता. एवढं मी तिचं देणं लागतो. यातलं काहीच मी अजून दिलेलं नाही.